व्होल्टाकाठचा मासेमार: मूत्राशयाच्या कॅन्सरचं एक प्रकरण

पुरुष, वय 47, धंदा मासेमारी. राहणार घानातल्या व्होल्टा तलावाच्या काठी, येजी या बाजारगावापासून होडीने दोन-अडीच तासांवर. कुमासी शहरातल्या रुग्णालयात आला तो ट्रो-ट्रोने, म्हणजे आपल्याकडच्या वडापसारख्या गाडीने, मांडीखाली दुमडलेलं फडकं घेऊन. दर वीस मिनिटांनी लघवीला जावं लागत होतं आणि प्रत्येक वेळी आग. लघवी लालभडक, अधूनमधून रक्ताच्या गाठी, आणि गेल्या दोन महिन्यांपासून मांसाच्या तुकड्यांसारखं काहीतरी बाहेर पडतंय अशी तक्रार. वजन इतकं उतरलेलं की कमरेला दोरी बांधावी लागत होती.

एक गोष्ट आधीच सांगतो. हा रुग्ण एकच एक माणूस नव्हे. पश्चिम आफ्रिकेतल्या यूरॉलॉजी विभागांत असे रुग्ण पुन्हा पुन्हा दिसतात. त्यांच्यात वारंवार आढळणारे तपशील जुळवून हे प्रकरण बांधलं आहे. रोगाचा क्रम आणि भोवतालची परिस्थिती खरी आहे, माणूस रचलेला.

कुमासीला येण्याआधी वर्षभर त्याने सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकचे अनेक कोर्स घेतले होते. औषधाच्या दुकानात ‘लघवीची आग’ म्हटलं की पुढ्यात येते ती हीच गोळी. दोनदा गुप्तरोगाचं औषधही झालं. एका दवाखान्यात प्रोस्टेट असेल म्हणून बोट घालून तपासलं, प्रोस्टेट साधारण वाटली, गोळ्या देऊन घरी पाठवलं. मूत्राशयाची सोनोग्राफी कुणी सुचवली नाही. तंबाखू? बिडी-सिगारेट कधीच नाही. रंगाचा, रबराचा, चामड्याचा कारखाना? जवळपास कुठेच नाही.

तपासण्यांचं चित्र असं: हिमोग्लोबिन 6.4, क्रिएटिनिन (मूत्रपिंडं काम करेनाशी झाली की रक्तात वाढतं ते) 5.8. सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडं फुगलेली, मूत्रवाहिन्या रुंदावलेल्या, मूत्राशयात डाव्या भिंतीला चिकटलेली मोठी, ओबडधोबड गाठ. पोटाच्या साध्या एक्स-रेत मूत्राशयाची कड पांढऱ्या रेघेने काढल्यासारखी उठून दिसत होती. रिकामं मूत्राशय एक्स-रेत असं दिसायला नको. भिंतीत कॅल्शियम साचलं तरच ते दिसतं, आणि त्या भागात हा एक्स-रे पाहिल्यावर निम्मं निदान तिथेच होतं. लघवीत मात्र तिथल्या बिलहार्झिया रोगाच्या जंताची अंडी सापडली नाहीत. हा मुद्दा पुढे पुन्हा येईल.

आधी रक्त चढवलं, मग लघवी बाहेर काढायला दोन्ही मूत्रपिंडांत पाठीवाटे नळ्या बसवल्या. क्रिएटिनिन हळूहळू 2.1 वर आलं आणि तिथेच अडकलं. मग दुर्बिणीने आत पाहिलं. गाठीपासून लांब, बऱ्या दिसणाऱ्या भिंतीवर फिकट पिवळसर, खरखरीत चट्टे होते, ओल्या वाळूचा हात फिरवल्यासारखे. मृत अंडी अस्तराखाली थरावर थर साचली की असं दिसतं. गाठीचे आणि त्याखालच्या स्नायूचे तुकडे पॅथॉलॉजीकडे गेले.

स्लाइडवर गुलाबी, चापट पेशींचे पुंजके, आणि पुंजक्यांच्या मधोमध कांद्याच्या पापुद्र्यांसारखी केराटिनची वर्तुळं. केराटिन हे त्वचेचं द्रव्य, मूत्राशयाच्या अस्तरात त्याचं काही काम नाही. हा स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे चापट पेशींचा कॅन्सर. सूक्ष्मदर्शकात कमी आक्रमक दिसणारा, पण स्नायूत खोल शिरलेला. आणि शेजारच्या तंतुमय भागात, निळसर कॅल्शियमने भरलेली, एका टोकाला टोकदार काटा असलेली अंडी. हा टोकावरचा काटा म्हणजे शिस्टोसोमा हिमॅटोबियमची सही. थिओडोर बिलहार्झ या जर्मन डॉक्टरने 1851 मध्ये कैरोत शवविच्छेदनात या जंताचा शोध लावला, म्हणून रोगाला अजूनही बिलहार्झिया म्हणतात. मूत्राशयाच्या कॅन्सरशी त्याचा संबंध इजिप्तमध्ये 1911 पासून मांडला जात होता. आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेने 1994 मध्ये या जंताला माणसात कॅन्सर करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात घातलं, म्हणजे तंबाखूच्या पंगतीला.

आता या माणसाला तो जंत कुठून लागला ते पाहू, कारण प्रकरणाचा खरा इतिहास रुग्णालयाच्या केसपेपरात नाही, धरणात आहे.

अकोसोंबोचं धरण 1965 मध्ये पुरं झालं. क्वामे एन्क्रुमांच्या स्वतंत्र घानाचं ते स्वप्न होतं: वीज, आणि त्या विजेवर टेमा बंदरात ॲल्युमिनियमचा कारखाना. मागे पसरला साडेआठ हजार चौरस किलोमीटरचा तलाव. क्षेत्रफळाने जगातल्या सर्वांत मोठ्या मानवनिर्मित जलाशयांपैकी एक. सुमारे 80,000 माणसं उठवली गेली. वाहत्या व्होल्टा नदीत बुलिनस जातीच्या गोगलगाईला फारसं जमत नव्हतं. साचलेल्या, उबदार, पाणवेलींनी भरलेल्या काठावर तिचं फावलं. त्याच सुमारास नदीच्या खालच्या अंगाचे मासेमार, ज्यांच्यात हा जंत आधीपासून होता, नव्या तलावाच्या मासळीमागे वर सरकले आणि काठाकाठाने वस्त्या करून राहिले. गोगलगाय आली, जंत आला, पाण्यात उतरणारी पोरं होतीच. काही वर्षांत तलावाकाठच्या काही गावांतल्या मुलांमध्ये लागण 90 टक्क्यांपर्यंत पोहोचली.

आणखी एक तपशील आहे, जो मला सर्वांत बोलका वाटतो. पाणी चढण्याआधी बुडीत क्षेत्रातलं जंगल बहुतांश तोडलंच नव्हतं. झाडं उभीच्या उभी बुडाली आणि त्यांचे खोड-फांद्यांचे सांगाडे आजही पाण्याखाली आहेत. जाळी त्यांच्यात अडकतात. ती सोडवायला बुडी मारायची ती लहान मुलांनी, कारण त्यांचं अंग हलकं आणि बोटं बारीक. आपला रुग्ण सात वर्षांचा असल्यापासून हे काम करत होता. उन्हं वर आल्यावर, नेमक्या त्या वेळी जेव्हा गोगलगाईच्या अंगातून शेपटीवाल्या अळ्या पाण्यात सुटतात.

अळीला आत शिरायला जखमेची गरज नसते. अखंड कातडीतून ती काही मिनिटांत आत शिरते, शेपूट बाहेर टाकते, रक्तातून फुप्फुस आणि यकृताच्या वाटेने वाढत जाते. नर-मादीची जोडी जमली की मादी नराच्या अंगाच्या खाचेत राहते आणि दोघं मिळून मूत्राशयाभोवतीच्या शिरांत ठाण मांडतात. तीन ते पाच वर्षं सहज, काही वेळा वीस-तीस. मादी दिवसाला वीसपासून दोनशेपर्यंत अंडी घालते. काही अंडी भिंत फोडून लघवीत उतरतात, तेच ते रक्त. बरीचशी भिंतीतच अडकतात, आणि खरा घात ती करतात. त्यांच्याभोवती शरीर सूज धरतं, सूज जुनाट होते, अस्तराच्या पेशी वर्षानुवर्षं मरतात आणि नव्याने तयार होतात. त्यात मूत्राशय नीट रिकामं होत नाही, जंतुसंसर्ग वारंवार होतो, आणि काही जंतू लघवीतल्या नायट्रेटपासून नायट्रोसामाइन घडवतात, जे कॅन्सरकारक आहेत. अस्तर हळूहळू स्वतःचं रूप सोडून कातडीसारखं होऊ लागतं. कॅन्सरची पायवाट अशी तीस-चाळीस वर्षांची आहे. गाठ दिसते त्या वेळी जंत केव्हाचे मेलेले असतात. म्हणून त्याच्या लघवीत अंडी नव्हती आणि भिंतीत खच होता. लघवी ‘निर्मळ’ आली म्हणून बिलहार्झिया नाही असं चाळिशी ओलांडलेल्या रुग्णाबाबत म्हणता येत नाही. हे ज्याला ठाऊक नाही त्याच्या हातून निदान निसटतं.

मग रक्त दिसत असताना तो इतकी वर्षं थांबला का? तर रक्त त्याला लहानपणापासूनच दिसत होतं. दहाव्या-अकराव्या वर्षी काठावरच्या सगळ्याच मुलांच्या लघवीच्या शेवटी लाल थेंब पडायचे. पश्चिम आफ्रिकेतल्या अनेक समाजांत हे मुलगा वयात आल्याचं लक्षण मानत, मुलींना पाळी येते तसं. ज्याला येत नाही त्याचीच चेष्टा. अशा माणसाला पंचेचाळिशीत पुन्हा रक्त दिसलं तर तो घाबरणार नाही, ‘जुनं परत आलं’ म्हणेल. आपल्या वैद्यकीय पाठ्यपुस्तकात ‘वेदनेविना रक्तस्राव, तातडीने तपासा’ हा नियम आहे. ज्या गावात रक्त हे बालपणाचं नेहमीचं दृश्य आहे, तिथे हा नियम रुग्णाच्या कानापर्यंत पोहोचतच नाही. यात अडाणीपणा शोधणं मला पटत नाही. त्याचा निष्कर्ष त्याच्या अनुभवाला धरूनच होता.

पश्चिम आफ्रिकेतलं एकूण चित्र या माणसाच्या भोवती ठेवून पाहिलं की लक्षात येतं की तिथे मूत्राशयाचे दोन वेगळे कॅन्सर एकाच नावाखाली नांदतात. युरोप-अमेरिकेत दहातले नऊ रुग्ण युरोथेलियल कार्सिनोमाचे, म्हणजे मूत्राशयाच्या नेहमीच्या अस्तरातून उठणाऱ्या कॅन्सरचे, वय सत्तरीच्या आसपास, निम्म्यांमागे तंबाखू, आणि निदान बहुधा गाठ वरवरची असतानाच. उत्तर नायजेरियात कानो, सोकोटो, झारिया या बाजूला, तसंच सेनेगल आणि मालीच्या नदीखोऱ्यांत, स्क्वॅमस प्रकाराचा वाटा मोठा, वय चाळिशी-पन्नाशी, आणि गाठ पहिल्या भेटीतच स्नायूत उतरलेली. बायकांचं प्रमाणही पाश्चात्त्य आकड्यांपेक्षा वरचं, कारण कपडे, भांडी आणि पाणी भरणं काठावरच होतं. दक्षिणेकडच्या शहरांत, लागोस, इबादान, अक्रा इथे, युरोथेलियल प्रकार वाढत्या प्रमाणात दिसतो. तिथे आयुर्मान वाढतंय, लोक नळाच्या पाण्यावर आलेत, आणि वाहनांचा धूर, रंग, द्रावकं, गॅरेजमधली कामं ही नवी जोखीम आहे. तंबाखूचं प्रमाण मात्र अजून कमी: घानात प्रौढ पुरुषांपैकी शंभरात जेमतेम चार-पाच जण ओढतात. त्यामुळे युरोपातल्या जोखमीच्या यादीवरून तिथल्या रुग्णाला प्रश्न विचारले तर सगळी उत्तरं ‘नाही’ येतात आणि डॉक्टर निश्चिंत होतो.

इजिप्तने हा बदल आधी अनुभवला आहे. 1980 च्या सुमारास तिथल्या मूत्राशयाच्या कॅन्सरमध्ये स्क्वॅमस प्रकाराचं वर्चस्व होतं. बिलहार्झियाविरोधी मोहिमांनंतर, 2005 पर्यंत, बहुसंख्य रुग्ण युरोथेलियल झाले होते. म्हणजे जंत आटोक्यात आला की स्क्वॅमस उतरतो, पण कॅन्सर नाहीसा होत नाही, कारण तोवर सिगारेट पोहोचलेली असते. पश्चिम आफ्रिका या वाटेवर कुठे आहे हे सांगायला एकच आकडा पुरणार नाही. सोकोटो आणि लागोस एकाच देशात असूनही दोन वेगळ्या दशकांत आहेत.

आणि आकड्यांबद्दल सावध राहावंच लागतं. हाती असलेले बहुतेक आकडे रुग्णालयातल्या बायोप्सींचे आहेत. जो पोहोचला, ज्याची दुर्बीण झाली, ज्याच्या तुकड्याचे पैसे भरले गेले, तोच मोजला गेला. येजीपलीकडच्या बेटावर मूत्रपिंडं बंद पडून जो गेला तो ‘ताप आला आणि सुजला’ एवढ्यावर मिटतो. शहरात युरोथेलियल जास्त दिसतो यामागे रोगाचा बदल किती आणि रस्त्याचं अंतर किती, हे वेगळं करणं अवघड आहे.

उपचाराकडे वळू. वरवरच्या युरोथेलियल गाठींसाठी मूत्राशयात बीसीजी लस सोडतात, ते इथे उपयोगाचं नाही. सिस्प्लॅटिनवर आधारलेली केमो स्क्वॅमसवर तेवढी चालत नाही, आणि 2.1 क्रिएटिनिनवर ती द्यायला कुणी धजावणारही नाही. खरा इलाज एकच, मूत्राशय पूर्ण काढणं. बिलहार्झियाच्या कॅन्सरची एक जमेची बाजू अशी की भिंतीतल्या तंतूंमुळे तो लसिकाग्रंथींकडे तुलनेने उशिरा जातो, जागीच पसरतो. वेळेत आलेल्या रुग्णाला शस्त्रक्रियेने खरोखर बरं करता येतं.

पण मूत्राशय काढल्यावर लघवीचं काय? सर्वांत सरळ मार्ग म्हणजे लहान आतड्याचा तुकडा वापरून पोटावर छिद्र आणि त्याला पिशवी. त्या पिशव्या आयात होतात, दर काही दिवसांनी बदलाव्या लागतात, आणि आयुष्यभर. तलावाकाठी त्या मिळणार कुठे? दिवसभर उन्हात, घामाने निथळत, गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या कातडीला त्या चिकटून राहत नाहीत. म्हणून आफ्रिकेतले अनेक शल्यविशारद दुसरा मार्ग धरतात: मूत्रवाहिन्या मोठ्या आतड्याच्या खालच्या भागात घडवलेल्या कोठीला जोडायच्या, लघवी शौचाच्या वाटेने जाते, पिशवी लागत नाही. युरोपात ही शस्त्रक्रिया मागे पडली, कारण रक्तात आम्ल साचतं, मूत्रपिंडाला जंतुसंसर्ग होतो, आणि अनेक वर्षांनी जोडाच्या जागी आतड्याचा कॅन्सर होऊ शकतो. ज्याला पिशवीच मिळणार नाही त्याच्यासाठी हा हिशेब वेगळा निघतो, आणि माझ्या मते तो बरोबर निघतो. आधी चाचणी करतात: गुदद्वारातून पातळ द्रव आत सोडायचा आणि रुग्णाला चालायला सांगायचं, तास-दोन तास गळला नाही तर पुढे जायचं. आपला रुग्ण या चाचणीत उत्तम पास झाला. त्याला हाच मार्ग हवा होता. पिशवी लावून गावच्या लोकांसमोर, एकाच होडीत भावांबरोबर, तो बसणार नव्हता.

क्रिएटिनिनने तो मार्ग बंद केला. आतड्यातून लघवीतले क्षार आणि आम्ल पुन्हा रक्तात शोषले जातात, आणि ते बाहेर टाकायला मूत्रपिंडं धडधाकट लागतात. त्याची नव्हती. वर्षभराच्या गोळ्यांच्या काळात गाठीने दोन्ही वाहिन्यांची तोंडं दाबून धरली होती. उशिराची किंमत आपण सहसा ‘रोग वाढला’ अशी मोजतो. इथे ती अशी चुकवावी लागली की त्याला मान्य असलेली एकमेव शस्त्रक्रिया हातची गेली.

पिशवीसाठी त्याचं मन वळवण्यात आणि सीटीचे पैसे जमण्यात काही आठवडे गेले. सीटीत गाठ ओटीपोटाच्या हाडाच्या भिंतीला चिकटलेली निघाली. आता काढण्यासारखी नव्हती. रक्त थांबवण्यापुरतं रेडिएशन दिलं. घानात रेडिएशनची केंद्रं मोजकी, ती अक्रा आणि कुमासीत, म्हणून किमान त्याला आणखी दूर जावं लागलं नाही. रक्त थांबलं, दुखणं मॉर्फिनच्या द्रावणावर आलं. तो गावी गेला. पाठीतल्या नळ्या दर तीन महिन्यांनी बदलायच्या होत्या. एकदा बदलल्या, दुसऱ्या वेळी आला नाही. भावाने फोनवर सांगितलं की एक नळी बंद पडली होती, मग दुसरी.

घरच्यांची तपासणी ही या प्रकरणाची मला सर्वांत महत्त्वाची बाजू वाटते, आणि ती बहुतेक ठिकाणी केलीच जात नाही. तो रुग्णालयात असतानाच त्याच्या कुटुंबाची लघवी तपासली. वेळ सकाळी दहा ते दुपारी दोन, कारण अंडी त्याच वेळी जास्त पडतात. तपासणीआधी मुलांना पायऱ्या चढायला-उतरायला लावलं. नऊ वर्षांच्या मुलात अंडी निघाली, जरी शाळेत प्राझिक्वांटेल, म्हणजे या जंतावरची गोळी, मिळालं होतं. गोळी तेव्हाचे जंत मारते, पुढच्या आठवड्यातल्या बुडीपासून वाचवत नाही. सतरा वर्षांच्या पुतण्यात सर्वांत जास्त निघाली. तो कधी शाळेतच गेला नव्हता, म्हणजे गोळ्यांच्या यादीत नव्हता. जाळी सोडवायचं काम त्याचंच. बायकोला अनेक वर्षं अंगावरून जाणं आणि शरीरसंबंधानंतर रक्त, त्यावर तिलाही गुप्तरोगाची औषधं झालेली. तिच्या गर्भाशयमुखावर नवऱ्याच्या मूत्राशयात होते तसेच वाळूसारखे चट्टे होते. या जंताची अंडी बायकांच्या जननेंद्रियांतही अडकतात आणि एचआयव्हीचा धोका वाढवू शकतात.

शाळेतून गोळ्या वाटण्याच्या पद्धतीत नेमके हे दोघं सुटतात: शाळेबाहेरचं पोर आणि प्रौढ बाई. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत हे बदललं. लागण 10 टक्के किंवा जास्त असलेल्या वस्तीत दोन वर्षांपासून पुढच्या सगळ्यांना, प्रौढांसकट, गोळी द्यावी. कागदावर हे आलं, पण गोळ्यांचा मोठा साठा अजून शाळकरी मुलांचा हिशेब धरूनच येतो. आणि काठावर संडास नसेल तर गोळी घेतलेली मुलं त्याच पाण्यात लघवी करतात आणि त्याच पाण्यात उतरतात.

हे सगळं पुण्या-मुंबईच्या डॉक्टरला कशाला? एक तर पुण्यात आफ्रिकी विद्यार्थी वर्षानुवर्षं शिकायला येतात, आणि लागोस-अक्राच्या कंपन्यांत काम करून परतणारी मराठी माणसंही कमी नाहीत. विशीतल्या नायजेरियन मुलाच्या लघवीत रक्त दिसलं की आपल्या हाताला लगेच मुतखडा आणि क्षयरोग लागतो. दुसरं असं की कोकण या रोगाला अगदीच अनोळखी नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागर तालुक्यात गिमवी गावी 1952 मध्ये गाडगीळ आणि शहा यांनी लघवीच्या शिस्टोसोमियासिसची लागण नोंदवली. तिथे बुलिनस नव्हती, फेरिसिया टेन्युइस नावाची इवलीशी गोगलगाय होती. ती लागण पसरली नाही आणि विझली. पण जंत आफ्रिकेबाहेरही गोगलगाय गाठू शकतो हे तिथे दिसलं, आणि 2013 मध्ये फ्रान्सच्या कॉर्सिका बेटावर एका नदीत पोहणाऱ्या पर्यटकांना हाच रोग झाला तेव्हा ते पुन्हा दिसलं. तिथल्या जंताचा माग सेनेगलपर्यंत गेला.

तेव्हा आफ्रिकेत राहिलेल्या कुणाच्याही लघवीत रक्त असेल तर तलाव, नदी, कालवा यांत कधी उतरलात का, हा प्रश्न तंबाखूच्या प्रश्नाआधी यावा. तरुण असेल तर भर दुपारची दहा मिलिलिटर लघवी गाळून अंडी पाहावीत, आणि सापडली तर वजनाच्या दर किलोला 40 मिलिग्रॅम प्राझिक्वांटेल. तेवढ्यात काम होतं. वय चाळिशीपुढे असेल तर अंडी सापडोत न सापडोत, सोनोग्राफी आणि दुर्बीण त्याच आठवड्यात.